आला-गेला : मोपा ते पणजी, मुक्कामांचा एक इतिहास

सरकारी नोकरीची बरीच वर्षे मी पणजीत काढली. आल्तिनोवरच्या सरकारी निवासस्थानात बिऱ्हाड होते, मुलांच्या शाळाही तिथेच झाल्या. पण पैसे मोजून एका रात्रीसाठी या शहरात खोली घेण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. निवृत्त होऊन मोप्याच्या मूळ घरी परतल्यावर तो आला. पुराभिलेख खात्यात आमच्या भागाची काही मोडी कागदपत्रे पाहायची होती आणि रोज मोपा-पणजी जाण्यायेण्याची दगदग या वयात सोसवण्याजोगी नव्हती. पुतण्याने फोनवर बोटे फिरवून फोंताइन्यशमधील एका जुन्या घरात तीन रात्रींची सोय केली आणि म्हणाला, "काका, तुम्ही कागद बघायला चालला आहात, तेवढेच ते घरही नीट बघून या. मग आपल्या घराविषयी बोलू."

त्या शेवटच्या वाक्यातला रोख मला ठाऊक होता. आमच्या वाड्याची पुढची पडवी आणि वरची माडी दुरुस्त करून प्रवाशांना उतरण्यासाठी द्यावी, असा त्याचा विचार वर्षभर चालला होता. मी टाळत आलो होतो. आपल्यासारख्या अनेक घराण्यांत आज हाच विषय निघतो आहे, म्हणून हा अनुभव आणि त्या निमित्ताने मनात आलेला मुक्कामांचा इतिहास वाचकांपुढे ठेवतो.

मी उतरलो ते घर कदंब बसस्थानकापासून पायी दहा मिनिटांवर. पाटोवरची वाहने, कंडक्टरांच्या आरोळ्या, संध्याकाळी मांडवीतल्या कॅसिनोंकडे निघालेली गर्दी, हे सारे ओरें खाडीच्या पुलापर्यंत अंगावर येते. पूल ओलांडून दोन गल्ल्या आत गेले की आवाज एकदम खाली बसतो. घरे एकमेकांना चिकटलेली, रस्ता अरुंद, भिंती जाड चिऱ्याच्या. माझ्या खोलीत उंच छत, सागवानी पलंग, शिंपल्यांच्या तावदानांची एक खिडकी आणि लाकडी जमीन होती. एकंदर खोल्या दहा-बारा. सकाळी न्याहारी मागच्या अंगणात, विहिरीशेजारी. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. राजधानीच्या ऐन मध्यावर इतकी शांतता मिळते, हे मला नोकरीच्या काळात कधी कळले नव्हते. त्या वर्षांत या वाड्यात मी फक्त नोटिसा बजावण्याच्या निमित्ताने आलो होतो.

या वस्तीचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे नारळाची बाग होती. अंतोनियु जुआंव द सिकेरा नावाच्या, मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेल्या आणि त्यामुळे 'मुसमीकार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थाची ती होती. पुढे ती चिंबलच्या कार्मेलाइट मठाकडे गेली आणि धर्मसंघ बरखास्त झाल्यानंतर सरकारजमा झाली. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून वस्तीला नाव मिळाले. जुने गोवे शहर रोगराईने ओसाड पडल्यावर व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपले निवासस्थान पणजीतल्या आदिलशाही राजवाड्यात हलवले आणि १८४३ मध्ये पणजीला रीतसर राजधानीचा दर्जा मिळाला. राजधानी आली तसे कारकून, वकील, लष्करी अधिकारी आले. त्यांना राहायला घरे हवी होती, ती या बागेच्या जागेवर उभी राहिली. म्हणजे फोंताइन्यश ही सरकारी नोकरांचीच वसाहत. पावसाळा सरला की दरवर्षी घरांना रंग द्यायचा आणि पांढरा रंग चर्चसाठी राखायचा, ही तेथली जुनी रीत. वस्तीतून जाणाऱ्या रस्त्याला '३१ जानेवारी' हे नाव आहे. १८९१ मध्ये त्या तारखेला पोर्तु शहरात प्रजासत्ताकवाद्यांचा एक उठाव फसला, त्याची ती आठवण. लिस्बनच्या राजकारणातली तारीख पणजीच्या गल्लीला चिकटली आणि मुक्तीनंतरही टिकली.

अशा घरांना आता 'बुटिक हॉटेल' म्हणतात. हा शब्द मला प्रथम चमत्कारिक वाटला. फ्रेंचमध्ये 'बुतिक' म्हणजे लहान दुकान. त्याचेच पोर्तुगीज भावंड 'बोतिका', म्हणजे औषधालय, गोव्यातल्या जुन्या मंडळींच्या परिचयाचे. दोहोंचे मूळ ग्रीक 'अपोथेके' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ आहे कोठार. हॉटेलाच्या संदर्भात हे विशेषण १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रूढ झाले. तेथे १९८४ मध्ये उघडलेले 'मॉर्गन्स' हे या जातीच्या हॉटेलांतले आद्य मानले जाते. मोठ्या हॉटेलांत शेकडो खोल्या एका साच्याच्या असतात, त्याविरुद्ध थोड्या खोल्या, प्रत्येकीचा वेगळा चेहरा आणि मालकाची ओळख, ही त्यामागची कल्पना.

जुन्या वास्तूत प्रवाशांची सोय करण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. स्पेनने १९२८ मध्ये सरकारी 'पारादोर' सुरू केले. पोर्तुगालची पहिली 'पोझादा' १९४२ मध्ये एल्वश येथे उघडली आणि पुढे किल्ले, मठ यांचे रूपांतर पोझादांत होऊ लागले. आपल्या देशात राजस्थानातला नीमराणाचा किल्ला १९९१ मध्ये प्रवाशांना खुला झाला आणि पडक्या गढ्यांच्या मालकांना एक वाट दिसली. पणजीत त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, ३१ जानेवारी रस्त्यावरच्या एकोणिसाव्या शतकातल्या घरात 'पणजीम इन' सुरू झाले होते. त्या काळी गोव्याचे पर्यटन म्हणजे समुद्रकिनारा, असे समीकरण होते. आग्वादच्या किल्ल्याशेजारचे ताज हॉटेल १९७० च्या दशकातले. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल प्रमुखांची विश्रांती-बैठकही किनाऱ्यावरच झाली. अशा वेळी समुद्रापासून दूर, शहरातल्या गल्लीत, जुन्या घरात कोणी पैसे देऊन राहील, असे मानणे धाडसाचेच होते.

आता आपल्या बाजूचा इतिहास पाहू. पेडणे १७८८ च्या तहाने सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे. या नव्या काबिजादींत जुन्या काबिजादींप्रमाणे धर्मांतराचा वरवंटा फिरला नाही. देवळे, वतने, ग्रामसंस्था बहुतांशी जागेवर राहिल्या. त्यामुळे आपली घरे आणि फोंताइन्यशची घरे यांच्या बांधणीतच फरक आहे. तेथली घरे रस्त्याकडे तोंड करून आहेत. बाल्कांव, सज्जे, मोठ्या खिडक्या, येणाऱ्याजाणाऱ्याला पाहावे आणि त्याने आपल्याला पाहावे अशी. आपले वाडे आत वळलेले. मधे राजांगण, त्यात तुळस, सभोवती ओसरी, मागे स्वयंपाकघर आणि कोठी. पेडण्याचा देशप्रभूंचा राजवाडा असो की आमच्यासारख्या साध्या खोतकी घराचा चौक, तत्त्व तेच. बाहेरच्या माणसाला पडवीपर्यंत मज्जाव नाही, ओसरीवर ओळखीच्याला स्थान, आणि माजघर घरच्यांचे.

पेडण्याचा माणूस पणजीला गेला तर उतरत असे कोठे? वडिलांच्या तोंडून ऐकलेले सांगतो. जमिनीच्या कामासाठी ते पोर्तुगीज अमदानीत वर्षातून दोन-तीनदा पणजीला जात. पहाटे घर सोडायचे, कोलवाळला शापोरा ओलांडायची, म्हापशाहून कारेर पकडून बेती गाठायची आणि तेथून होडीने मांडवी पार करायची. कचेरीत पोचेपर्यंत साहेबाची उठण्याची वेळ झालेली असे. मग मुक्काम अटळ. तो एका दूरच्या सोयऱ्याकडे. जेवण त्यांच्या पंगतीला, झोपणे बाहेरच्या सोप्यावर, चटई आपली. जाताना मोप्याचे तांदूळ, कुळीथ नाहीतर काजू न्यायचे. कोणी त्याचा हिशेब ठेवत नसे, पण रिकाम्या हाताने कोणी जातही नसे. गावाहून आलेल्याला शहरात पहिला प्रश्न असे, "कोणाकडे उतरलात?" त्या एका उत्तरावरून माणसाचे गोत, पत आणि कामाचे स्वरूप कळत असे.

ज्यांना सोयरे नव्हते त्यांची पंचाईत होई. यात्रेकरूंना देवस्थानांच्या अग्रशाळा होत्या. अंत्रूज महालातील मोठ्या देवळांच्या अग्रशाळांनी पिढ्यान् पिढ्या कुळाव्यांना आसरा दिला आहे. पण पणजी हे देवस्थानाचे गाव नव्हते. तेथे महालक्ष्मीचे देऊळ बांधण्याची परवानगीच मुळी १८१८ मध्ये मिळाली. मोठे आधुनिक हॉटेल म्हणावे असे पहिले 'मांडोवी', तेही १९५२ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या सोहळ्यानिमित्त उभे राहिले. परदेशी पाहुण्यांसाठी ते बांधले होते. आमच्या वडिलांनी ते बाहेरूनच पाहिले. मुक्तीनंतर मांडवीवर पूल झाला, तो १९८६ च्या जुलैत कोसळला आणि काही वर्षे आम्ही पुन्हा फेरीबोटीच्या रांगांत उभे राहिलो. नवा पूल झाला, घरोघरी मोटारसायकली आल्या आणि पणजीतला मुक्काम संपला. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. सोयऱ्यांच्या सोप्यावरची आमची चटई उचलली गेली, त्याबरोबर येणे-जाणेही आटले. त्या सोयऱ्यांच्या नातवंडांना मी आज रस्त्यात ओळखणार नाही.

जुन्या वास्तूचे हॉटेल होते तेव्हा काय मिळते आणि काय जाते, याचे एक उदाहरण आपल्याच पेडणे तालुक्यात आहे. तेरेखोलचा किल्ला सावंत भोसल्यांचा, १७४६ मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला. आत सेंट अँथनीचे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी येथे शिरून तिरंगा फडकवला. मुक्तीनंतर हा किल्ला हॉटेल म्हणून चालवला गेला. त्यामुळे तट शाबूत राहिले, छपरे गळली नाहीत, हे मान्य करायला हवे. ज्यांना कोणी भाडेकरू मिळाला नाही अशा आपल्या किती गढ्या आणि वाडे जांभ्याचे ढिगारे झाले, ते आपण पाहतोच. पण कोण्या गावची शाळकरी मुले सत्याग्रहाची जागा पाहायला तेथे गेली, तर समोर चहापानाची टेबले. वास्तू राहिली तरी तिच्याकडे पाहण्याचा हक्क हळूहळू बिल भरणाऱ्याकडे सरकतो.

फोंताइन्यशमध्ये मी याचा दुसरा प्रकार पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तर लग्नाआधीची छायाचित्रे काढणारी तीन जोडपी एकाच पिवळ्या भिंतीपुढे रांग लावून होती. त्या घरातली वृद्ध बाई दाराआड उभी होती. कचरा टाकायला बाहेर यायचे होते, पण छायाचित्र संपेपर्यंत ती थांबली. छायाचित्रे काढू नयेत अशा पाट्या बऱ्याच घरांवर दिसल्या. मी तिला नमस्कार केला. ती कोंकणीत म्हणाली की पूर्वी या गल्लीत अनोळखी माणूस आला तर कोणीतरी विचारायचे, कोणाकडे जायचे आहे म्हणून. आता विचारले तर लोक रागावतात. वडिलांच्या काळातला तोच प्रश्न, एका ख्रिस्ती आजीच्या तोंडून ऐकून मी क्षणभर थबकलो.

मोप्याची गोष्ट यापेक्षा निराळी नाही, फक्त वेगाची आहे. विमानतळाची चर्चा आम्ही विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ऐकत होतो. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी पायाभरणी झाली, मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणीय परवानगी स्थगित ठेवली, जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली. ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमताच वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. ज्या सड्यावर आमची गुरे चरत, जेथे पावसाळ्यात फुलांचे गालिचे आणि उन्हाळ्यात करवंदे, तेथे धावपट्टी आली. मोपा, कासारवर्णे, चांदेल, उगवे, वारखंड या गावांतल्या जमिनी गेल्या, सड्यावरच्या धनगर कुटुंबांना घरे सोडावी लागली. विकासाला माझा विरोध नव्हता, आजही नाही. भूसंपादनाच्या फायली मी नोकरीत हाताळल्या आहेत. पण फाइलीतला सर्व्हे नंबर आणि आपल्या गावचा सडा यांतला फरक मला निवृत्तीनंतर कळला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

आता दलालांचे फोन येतात. घर विकता का, भाड्याने देता का, माडीवर किती खोल्या निघतील. पुतण्याचे म्हणणे असे : "काका, कौले बदलायला दर दोन वर्षांनी पैसे लागतात. वाळवीने वासे खाल्ले आहेत. आम्ही दोघे भाऊ बाहेर नोकरीला. घर माणसांनी भरले नाही तर पडेल. विकण्यापेक्षा चालवलेले काय वाईट?" त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मी देवघराचा मुद्दा काढला, सोवळ्याचा काढला. वहिनी, म्हणजे त्याची आई, शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, सोवळे मी पाळते, मी बघून घेईन. तुम्ही छपराचे काय ते सांगा."

पुराभिलेखात मला काय सापडले, असे वाचक विचारतील. या संस्थेचा उगम १५९५ मधला, दियोगु द कोतु हा इतिहासकार तिचा पहिला रक्षक. नव्या काबिजादींच्या ग्रामसंस्थांची मोडी दप्तरेही तेथे आहेत. तीन दिवसांत आमच्या घराण्याविषयी मिळाले ते थोडे : सारा भरल्याच्या काही नोंदी, एका बांधाचा वाद. खरा कागद घरीच होता. परतल्यावर, मोडीवर नुकतीच नजर बसली असल्याने, पणजोबांच्या हिशेबाच्या वह्या कोठीतून काढल्या. त्यांत देवकार्य, कुळांना बियाणे, गडीमाणसे अशा खर्चाच्या बाबी आहेत आणि दरवर्षी न चुकता एक सदर आहे : 'आला-गेला'. बांद्याकडून पेडण्याकडे जाणारा कोणी वाटसरू, गोसावी, शिंपी, कीर्तनकार, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, यांच्यासाठी वर्षाचे भात वेगळे काढून ठेवलेले. नावे क्वचितच लिहिली आहेत, मापे मात्र काटेकोर. एका वर्षी पीक बुडाल्याची नोंद आहे. त्या वर्षी देवकार्याचा खर्च निम्मा केला आहे, 'आला-गेला' तेवढाच आहे.

ती पाने वाचून माझा बराचसा आडमुठेपणा गळाला. अनोळखी माणसाने आपल्या पडवीवर रात्र काढणे ही काही विमानतळाने आणलेली नवी गोष्ट नव्हे. नवी गोष्ट एवढीच की पूर्वी घर पाहुण्याला पोसत होते, आता पाहुणा घराला पोसणार. यात लाज वाटण्याजोगे काही नाही, परंतु विसरण्याजोगेही नाही. गोसाव्याला पडवी देणाऱ्या पणजोबांनी त्याला माजघर दिले नव्हते आणि त्याचा पाहुणचारही कमी केला नव्हता. ही मर्यादा आणि हे औदार्य, दोन्ही एकाच वहीत आहेत.

शेवटी घरात बसून ठरले ते असे. पडवी आणि माडी मिळून चार खोल्या काढायच्या, १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदणी करायची. आयुष्यभर इतरांना नियम सांगितल्यावर आपण तरी पळवाट शोधू नये. चौक, तुळस, देवघर घराकडेच राहतील आणि त्यांची छायाचित्रे जाहिरातीत जाणार नाहीत. गावातल्या, विशेषतः जमीन गेलेल्या घरांतल्या मुलांना कामात प्रथम बोलवायचे. प्रत्येक खोलीत घराच्या आणि सड्याच्या इतिहासाचे दोन पानी टिपण ठेवायचे, ते मी लिहायचे. पाचवी अट माझी होती, पुतण्याने ती लगेच मान्य केली. नव्या जमाखर्चात 'आला-गेला' हे सदर पुन्हा उघडायचे. चार खोल्यांतली एक, वर्षातून काही रात्री, मोबदला न घेता द्यायची. मोडी शिकणारा विद्यार्थी, जुनी देवळे पाहत फिरणारा अभ्यासक, कीर्तनाला आलेले बुवा, ज्याला सोयरा नाही असा कोणीही.

वासे बदलण्याचे काम सुरू झाले आहे. सुतार मोरजीचा आहे, वाळवी लागलेले लाकूड काढताना तो प्रत्येक वाशावर हात ठेवून ठोकून पाहतो आणि जो चांगला निघेल तो पुन्हा बसवतो. माडीवरची पहिली खोली पावसाळ्यापूर्वी तयार होईल असे म्हणतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी जुन्या हिशेबाच्या वह्या असतील तर त्या फेकण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात, एवढीच विनंती. वाचणारा मिळत नसेल तर मोप्याला घेऊन यावे. उतरण्याची सोय होईल.